सशाच्या लेंड्या मोजताना

शब्द गोळा करणे हा माझा गेल्या तीस वर्षांचा उद्योग. प्राण्यांवरून मराठीत आलेले शब्द, म्हणी, वाक्प्रचार यांच्या चिठ्ठ्या मी बुटांच्या खोक्यांत भरून ठेवल्या आहेत. सशाच्या खोक्यात पूर्वी फारसे काही नव्हते. ‘सशाचे काळीज’ होते, ‘ससेहोलपट’ होती, नसलेल्या गोष्टीचा दाखला म्हणून तर्कशास्त्रात येणारे ‘शशशृंग’ होते आणि डागावरून चंद्राला मिळालेली ‘शशी’, ‘शशांक’ ही नावे होती. ‘ससेमिरा’ची चिठ्ठीही मी त्यातच टाकली होती, पण तिचा सशाशी काही संबंध नाही हे नंतर कळले. विक्रमाच्या कथांपैकी एकीत वेड लागलेला राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढी चारच अक्षरे बडबडत राहतो आणि ती चार श्लोकांची आद्याक्षरे निघतात. तेवढी चिठ्ठी मी दुसऱ्या खोक्यात हलवली.

२०१६च्या दिवाळीनंतर या खोक्यात एक वही आली. तिच्यात शब्द नाहीत, आकडे आहेत. हा लेख त्या वहीविषयी आहे. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही, पशुवैद्य तर नाहीच. बारावीनंतर नोकरी धरली आणि पुढचे शिक्षण डोंबिवली ते व्हीटी अशा रोजच्या प्रवासात, मिळेल त्या पुस्तकातून झाले. तेव्हा इथे जे लिहितो आहे ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि एक चूक करून मिळवलेले आहे.

चूक अशी. मुलगी सातवीत असताना तिच्या हट्टाने घरात एक पांढरा, लाल डोळ्यांचा ससा आला. नाव गंपू. त्या वर्षी नरक चतुर्दशी शनिवारी होती, २९ ऑक्टोबरला. पहाटेपासून आमच्या गल्लीत माळा लागत होत्या. संध्याकाळी गंपू दिवाणाखाली गेला तो बाहेर आला नाही. रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सकाळची कोथिंबीर तशीच पडून होती. मी म्हटले, घाबरलाय, उद्या खाईल. दुपारी बायको म्हणाली, “अहो, याने कालपासून कागदावर काही केलेलंच नाही.” त्यावर मी शहाणपणाने उत्तर दिले, “खाल्लं नाही तर करणार कुठून?” सोमवारी पाडव्याला तो हलेनासा झाला तेव्हा फोन सुरू केले. तीन दवाखाने बंद. चौथ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले की आम्ही कुत्री-मांजरे बघतो, सशातले आम्हाला कळत नाही. त्यांनीच ठाण्याच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. शीळमार्गे ठाणे गाठेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, ताप बघितला. ताप नव्हताच, अंग गार पडत चालले होते. सलाइन लावताना ते एवढेच म्हणाले, “काल सकाळी आणायला हवा होता.” चारच्या सुमारास गंपू गेला. ज्या भाजीच्या टोपलीतून नेला होता तिच्यातूनच त्याला परत आणले.

मंगळवारी भाऊबीज होती. घरात कोणी कोणाशी फारसे बोलत नव्हते आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होते. काल सकाळी का? काल सकाळी तर त्याने नुसती कोथिंबीर खाल्ली नव्हती. माणूस एक वेळ जेवला नाही तर आपण त्याला लिंबूपाणी देतो, कुत्रा जेवला नाही तर पोट बिघडले असेल म्हणून एक दिवस उपाशी ठेवतो. सशाचे असे काय वेगळे आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिला धक्का शब्दांच्याच बाबतीत बसला. आपल्या भाषेतला ससा आणि आपल्या सदनिकेतला ससा हे एक जनावरच नाही. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा, चंद्रावर बसलेला, पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची बोंब ठोकणारा (ही गोष्ट जातककथांतही आहे) तो माळरानावरचा रानससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस. तो बीळ खणत नाही, गवतातल्या खळग्यात राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही. पिंजऱ्यात विकला जातो तो युरोपातला, मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा बिळातला ससा, ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस. त्याची पिल्ले आंधळी आणि उघडीबोडकी जन्मतात. रानसशात ४८ गुणसूत्रे, याच्यात ४४, त्यामुळे दोघांचा संकर होत नाही. इंग्रजीत दोघांना वेगळी नावे आहेत. मराठीत दोघेही ससाच, आणि हिंदीतला ‘खरगोश’ तर फारसीतून आलेला ‘गाढवाच्या कानांचा’. म्हणजे या पाहुण्या जनावराविषयी आपल्या आजी-पणजीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. गाय पान्हा चोरते, म्हैस रवंथ करत नाही, शेळीचे पोट फुगले, यांसाठी आपल्याकडे शब्द आहेत, उपाय आहेत, ते पिढ्यानपिढ्या तपासले गेलेले आहेत. घरातल्या सशासाठी कोरी पाटी.

गंमत अशी की प्रयोगशाळेत मात्र याच सशाइतके ओळखीचे जनावर क्वचितच असेल. पाश्चरने १८८५मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जी लस दिली ती सशाच्या मज्जारज्जूवर तयार केलेली होती. शिरेतून देण्याच्या औषधाने माणसाला ताप भरू नये म्हणून ते आधी सशाच्या कानाच्या शिरेत टोचून तीन तास त्याचे तापमान बघायचे, ही चाचणी औषधकोशांत अनेक दशके होती, आपल्या भारतीय औषधकोशातही. निरोगी सशाचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते हे म्हणूनच जगभर बारकाईने मोजले गेले. गंपूला ज्या दुपारी सलाइन लावले तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. नंतर वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

आता मूळ प्रश्नाकडे. सशाचे पचन घोड्याच्या धर्तीचे. जठर साधे, आणि खरा कारखाना मागे, आंधळ्या आतड्यात. सशाच्या शरीराच्या मानाने हे आतडे प्रचंड असते आणि त्यात जिवाणूंची वस्ती असते. खाल्लेला चारा मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आला की तिथे चाळणी लागते. जाड, न पचणारा धागा वेगाने पुढे जातो आणि त्याच्या कोरड्या, गोल लेंड्या पडतात. बारीक कण आणि पातळ भाग उलटा आंधळ्या आतड्यात ढकलला जातो, तिथे तो आंबतो. त्यातून तयार होतो मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहान घोसासारखा दुसऱ्या प्रकारचा मल, आणि तो ससा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वाराशी तोंड लावून खातो. प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे त्याला यातून मिळतात. ओळखीच्या एका घरात हे पाहून ‘घाण खातो’ म्हणून सशाला गळ्यात पुठ्ठा बांधून ठेवले होते. असे केल्याने तो अन्नालाच मुकतो. उलट हे मऊ घोस खाल्ले न जाता दिवसचे दिवस जमिनीवर दिसू लागले तर बिघाड समजावा; बहुतेक वेळा खुराकात धागा कमी आणि पिठूळ-गोड जास्त झालेले असते.

ही सगळी यंत्रणा चालते ती जाड धाग्याच्या ढकलण्यावर. पुढून चारा येत राहिला तर मागचा पुढे सरकतो. ससा म्हणूनच दिवसरात्र थोडेथोडे खात असतो आणि त्याच्या दोनशे-तीनशे लेंड्या दिवसाला पडतात. आता समजा काही कारणाने खाणे थांबले. दात टोचतो आहे, मूत्राशय दुखते आहे, पाणी कमी पडले, जागा बदलली, किंवा खिडकीखाली सुतळी बाँब फुटत आहेत. भीती आणि वेदना या दोन्हींत शरीर जी रसायने सोडते त्यांनी आतड्याची हालचाल मंदावते. आतड्यातला चारा सुकून घट्ट होतो. आंधळ्या आतड्यातले जिवाणू बदलतात, वायू धरतो, वायूने आतडे ताणले जाते आणि दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडे आणखी थांबते. शरीरातली चरबी वितळून यकृतात साचू लागते. सशाला ओकारी येत नाही, वरून सुटण्याची वाट त्याला निसर्गाने ठेवलेलीच नाही. माझे ते ‘खाल्लं नाही तर करणार कुठून’ हे अर्धेच खरे होते. आतडे थांबल्यावर तो खाणार कुठून, हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि जीव जातो तो त्यातच.

जुन्या पुस्तकांत या आजाराचे खापर पोटातल्या केसांच्या गोळ्यावर फोडलेले असते आणि तो विरघळावा म्हणून अननसाचा रस पाजायला सांगितलेला असतो. ससा स्वतःला चाटतो, त्यामुळे निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच. आतडे चालू असले की ते चाऱ्याबरोबर निघून जातात. गोळा सापडतो तो बहुधा आतडे थांबल्यामुळे सुकलेला.

म्हणजे ‘काल सकाळी’चा अर्थ असा की सशाच्या बाबतीत न खाणे हे लक्षण तर आहेच, शिवाय तोच पुढचा आजार आहे. दहा-बारा तास खाणे नाही आणि लेंड्या नाहीत, एवढे पुरेसे आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उद्या बघू म्हणण्याइतका अवधी त्याच्याकडे नसतो. पिल्लू असेल तर तेवढाही नाही.

पण हे कळायचे कसे? ससा ओरडत नाही, कण्हत नाही. ज्याला सगळेच खायला टपलेले असतात ते जनावर आपले दुखणे दाखवत नाही. दाखवले तर ससाणा आधी त्यालाच उचलतो. ‘सशाचे काळीज’ म्हणून आपण भित्रेपणा दाखवतो, पण दुखणे लपवायला जे लागते ते त्याच काळजात असावे. २०१२मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी, सशांच्या कानावर ओळखीसाठी गोंदताना त्यांना किती दुखते हे पाहण्यासाठी त्यांच्या चेहऱ्यांचे निरीक्षण केले आणि पाच खुणा ठरवल्या. डोळे किलकिले होतात. गाल चपटे दिसतात. नाकपुड्यांचा गोलसर आकार जाऊन त्या टोकदार होतात. मिशा ताठ होऊन चेहऱ्यापासून दूर जातात. कान घट्ट मिटून मागे, अंगालगत येतात. वाचून मी गंपूचे फोनमध्ये राहिलेले शेवटचे दोन फोटो काढून पाहिले. पाचांतल्या चार खुणा त्यात स्पष्ट होत्या. मुलीने त्याखाली ‘गंपू रुसलाय’ असे लिहिले होते.

चेहऱ्याखेरीज बसणेही बोलते. निवांत ससा पाय पसरून लोळतो. दुखणारा ससा मुटकुळे करून बसतो, पोट जमिनीला दाबतो, पुन्हा पुन्हा जागा बदलतो. डोके कुरवाळल्यावर दातांचा हलका करकर आवाज येतो तो सुखाचा. कोणी हात लावलेला नसताना मोठ्याने दात खातो तो वेदनेचा. पण या सगळ्यांत खोटे न बोलणारी गोष्ट म्हणजे लेंड्या. दुखण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून त्या लहान होतात, वेड्यावाकड्या होतात, केसांनी माळेसारख्या जोडल्या जातात. वही सुरू झाली ती इथून. २०१७मध्ये दुसरा ससा आला. दुकानदाराने नर म्हणून दिलेला हा ठम्या तीन महिन्यांनी ठमी निघाला. (लहान सशाचे लिंग ओळखणे दुकानदारांना सोडाच, पुष्कळदा डॉक्टरांनाही अवघड जाते.) तेव्हापासून रोज सकाळी केर काढताना लेंड्या अंदाजाने मोजायच्या, आकार बघायचा, आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे आणि लिहून ठेवायचे. बायको याला ‘तुमचे संशोधन’ म्हणते. म्हणताना आवाज कसा असतो ते वाचकांनी ओळखावे.

न खाण्याला बारा तास म्हटले, पण काही गोष्टींत तासही मोजू नयेत. ससा नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून, मान वर करून श्वास घेऊ लागला तर शेवटची घंटा वाजते आहे असे समजून निघावे. पोट एकाएकी ढोलासारखे ताणले, ससा गार पडला, कान थंडगार लागले, तर आतड्यात अडथळा असू शकतो. असे असताना घरी काहीही भरवू नये, कारण पुढे जायला वाट नसते. माणसांच्या मधुमेहासाठी असते त्या साध्या यंत्रावर रक्तातली साखर पाहून नुसते थांबलेले आतडे आणि अडलेले आतडे यांत फरक करायला मदत होते, हे इंग्लंडमधल्या फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी दाखवून दिले; अडथळ्यात साखर फार चढते. पाण्यासारखे जुलाब, विशेषतः पिल्लाला, हाही त्याच दिवसाचा मामला. मान एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, मागचे पाय ओढणे, लघवीसाठी जोर करूनही ती न होणे, हेही तसेच. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या मानाने फार हलका आणि मागच्या पायांतली ताकद दांडगी. उचलताना त्याने हिसडा दिला तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा कणा मोडू शकतो. म्हणून लहान मुलांना जमिनीवर बसवून मगच ससा हाताळायला द्यावा.

याच्या उलट काही गोष्टी पाहून धाबे दणाणते, पण त्या एक-दोन दिवस थांबू शकतात. लघवी तांबूस दिसली की रक्त वाटते. बरेचदा तो भाजीतल्या रंगद्रव्याचा परिणाम असतो आणि ससा खाऊन-पिऊन मजेत असतो. लघवी पांढरट, गढूळ असणेही त्याच्यात स्वाभाविक आहे, कारण जास्तीचा कॅल्शियम तो लघवीवाटेच टाकतो. मात्र ती चुन्यासारखी घट्ट होऊ लागली तर दाखवावे. ऋतू बदलताना केस झडतात. कानात पापुद्रे धरले, नाकाच्या कडेला पांढरी खपली आली तर ती खरूज. तिच्यावर उपाय सोपा आहे, पण वजनावर बसवलेला डोस डॉक्टरांनीच द्यायचा. एका डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर डोळ्यापेक्षा दातांकडे संशय जावा, कारण सशाचे सगळे अठ्ठावीस दात जन्मभर वाढतात आणि वरच्या दातांची मुळे वाढून अश्रूनलिकेला दाबतात. दात झिजायला चावावे लागते, आणि चावायला गवत.

गवताची गोष्ट आली की ठाणे-कल्याणची गोष्ट येते. इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक पानावर ‘टिमोथी’ गवत असते. ते इथे पाकिटातून येते आणि किंमत वाचून माणसाचीच भूक मरते. आम्ही मुरबाड-शहापूरकडचा भाताचा पेंढा आणून पाहिला. दातांना आणि आतड्याला धागा म्हणून तो चालतो, पोषण मात्र बेताचे. शिवाय पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, आणि बुरशीचा पेंढा देण्यापेक्षा न दिलेला बरा. दुर्गाडीकडच्या तबेल्यांत म्हशींना पडतो तो हिरवा चारा चालतो. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. सगळ्यांत चांगली म्हणजे आपली हरळी. गणपतीत कल्याणच्या फुलबाजारातून दूर्वांच्या जुड्या येतात, तेव्हा आमच्याकडे देवाला एकवीस आणि उरलेल्या ठमीला असा हिशेब असतो. धुऊन, आणि कुंकू न लागलेल्या. गाजराविषयी मुलांच्या पुस्तकांनी आपली फसवणूक केली आहे. गाजर गोड, ते सणासुदीला चकतीभर. पाला खुशाल द्यावा. कोबीने काही सशांना वायू धरतो. बिस्किट, पोळी, भात हे लाड बंद.

आपल्या हवेचे दोन काळ सशाला घातक. मार्च ते मे या भागात पारा चाळिशीला टेकतो. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापून त्याला गार होता येत नाही, उष्णता बाहेर टाकायला दोन कान तेवढे. तिशीच्या वर तो अस्वस्थ होतो. पत्र्याखालच्या गॅलरीत पिंजरा असेल तर दुपारचा एक तासही पुरतो. फरशीवर मोकळा ठेवावा, बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, दर शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते तेव्हा कान ओल्या हाताने पुसावेत. उष्माघात झालेल्या सशाला थंड पाण्याच्या बादलीत बुडवू नये, धक्क्याने तो जागीच जाऊ शकतो. कान ओले करून थेट दवाखाना. (अंघोळ तर एरवीही घालू नये.) दुसरा काळ जून ते सप्टेंबर. जाड्या, म्हाताऱ्या किंवा जुलाब झालेल्या सशाची मागची बाजू ओली राहते, माश्या तिथे अंडी घालतात आणि चोवीस तासांच्या आत अळ्या कातडीत शिरू शकतात. जनावराला किडे पडणे म्हणतात ते हेच. पावसाळ्यात दिवसातून दोनदा शेपटी उचलून पाहायची. किळस येते, पण पाहायची.

आता डॉक्टर. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चे, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. आपल्याकडचे पशुवैद्यक वाढले ते घोडा, बैल, गाय, म्हैस यांच्यासाठी. कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस शहरांबरोबर आली, आणि ससा आता कुठे रांगेत उभा आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे छोट्या प्राण्यांचे रुग्णालय २०२४मध्ये सुरू झाले. पण डोंबिवली-कल्याणहून परळ-महालक्ष्मी गाठायला लागणारा वेळ सशाच्या बारा तासांतून वजा करावा लागतो. शिवाय कुत्र्याला दरवर्षी लस असते, त्या निमित्ताने डॉक्टरांची ओळख राहते. सशाला आपल्याकडे तसे ठरलेले वार्षिक लसीकरण नाही, म्हणून त्याची आणि डॉक्टरांची पहिली भेट बहुधा शेवटच्या दिवशी होते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८चे नियम आहेत. त्यांत सशाचे नाव आहे, दुकानाची नोंदणी सक्तीची आहे, दूध न सुटलेले पिल्लू विकायला मनाई आहे. तरी ‘दवाखाना कुठे’ हे दुकानात कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

डॉक्टर आधी शोधून ठेवावा, ससा टुणटुणीत असताना. फोनवर मी तीन प्रश्न विचारतो. तुमच्याकडे ससे येतात का? आतडे थांबलेला ससा आला तर काय करता? आणि शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायचा का? तिसरा प्रश्न मला ठमीच्या वेळी मिळाला. मादीचे गर्भाशय लहानपणी काढून टाकावे, कारण न काढलेल्या माद्यांत चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो, हे वाचून मी तिला घेऊन गेलो. पहिल्या ठिकाणी सांगितले, रात्रीपासून काही देऊ नका. कुत्र्याच्या बाबतीत ते बरोबर, भुलीत ओकारी होऊ नये म्हणून. ओकारीच न होणाऱ्या जनावराला उपाशी ठेवून मिळते काय, तर थांबलेले आतडे. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिचा नेहमीचा चारा डब्यात घेऊन या, शुद्धीवर आली की लगेच खायला लागेल.” तिथे ठमीची शस्त्रक्रिया झाली.

औषधांच्या बाबतीत एकच गोष्ट घरोघरी सांगावीशी वाटते. मुलांचे उरलेले प्रतिजैविक सशाला पाजू नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही तोंडावाटे दिली तर आंधळ्या आतड्यातली चांगली वस्ती मरते, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत ससा जातो. शिंक थांबली म्हणून आनंद होईपर्यंत पोट गेलेले असते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंबही सशाला चालत नाहीत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर यातले काही लिहिले तर नम्रपणे विचारावे. चांगला डॉक्टर रागावत नाही.

वहीत १४ जून २०२१ची नोंद आहे. सकाळी लेंड्या नेहमीच्या निम्म्या, आकार वाटाण्याऐवजी मसूर. दुपारी बारा वाजता कोथिंबीर हुंगून सोडली. दोन वाजता मुटकुळे, डोळे किलकिले. सव्वादोनला फोन, साडेतीनला दवाखान्यात. पोट मऊ होते, अंग ३८.६. वेदनाशामक, कातडीखाली सलाइन, आतड्याला चालना देणारे औषध, आणि चारापूड पाण्यात कालवून सिरिंजने थोडीथोडी भरवणे. कारण निघाले एका दाढेचा वाढलेला टोकदार कोपरा. रात्री पावणेबारापर्यंत कागद कोरा. मुलगी आता कॉलेजात होती, ती जमिनीवर उशी घेऊन ठमीशेजारी झोपली. पहाटे चार दहाला तिने मला उठवले. कागदावर तीन लेंड्या होत्या, बारीक, केसांनी जोडलेल्या. आम्ही दोघांनी त्या टॉर्च लावून पाहिल्या.

ठमी आता आठ वर्षांची आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. या दिवाळीची तयारी वसुबारसेपासून सुरू होते. तिची चटई मधल्या खोलीत जाईल, रस्त्याकडची खिडकी बंद, तिच्यावर गोधडी, पंखा चालू, म्हणजे त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज थोडे बुडतात. लपायला दोन तोंडांचे खोके. हरळी चार दिवसांची आणून, निवडून ठेवायची. डॉक्टरीणबाईंना फोन झाला आहे. लक्ष्मीपूजनाला दवाखाना दुपारपर्यंत उघडा, पाडव्याला बंद, पण त्या घरी आहेत. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला आहे.